अठ्ठावीस इंची झबलं

माझ्या मापाच्या वहीत सगळी बायकांची मापं आहेत, आणि मधेच एका पानावर लिहिलंय: भिया. मान ते शेपूट 28, छाती 30, कंबर 20, गळा 16, डोकं जवळपास तेवढंच. परवा एक गिऱ्हाईक ब्लाऊज द्यायला आली आणि माझी वही उघडी होती, तर म्हणे काकू ही कंबर कुणाची हो, काय डाएट करते. मी म्हटलं अंडी आणि दहीभात, आणि दिवसाला सतरा-अठरा तास झोप. तिला ते खरंच वाटलं.

तर भिया म्हणजे कुत्रा. ग्रेहाउंड. आमच्याकडे दहा महिने होता, दोन महिन्यांसाठी आला होता.

आमच्या घरात कुत्रं कधी नव्हतंच. इंदूरला रामबागेकडे आमचं जुनं घर, खाली आम्ही आणि माझी शिलाईची खोली, वर अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खोली आणि गच्ची. सासूबाई होत्या तोवर अंडंसुद्धा घरात आलं नाही, कुत्रं तर लांबच. पण सईला, म्हणजे माझ्या मुलीला, कॉलेजच्या कुठल्याशा ग्रुपवर मेसेज आला की पंजाबात गावाकडच्या शर्यतीत पळवलेला एक कुत्रा शेतात सोडून दिलेला सापडलाय, दिल्लीच्या लोकांनी औषधपाणी केलंय, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत कुणी फॉस्टर करेल का. आमचे हे म्हणाले नाही. मी म्हटलं बघू, म्हणजे माझंही नाहीच होतं. अण्णांनी विचारलं फॉस्टर म्हणजे काय गं, तर सई म्हणाली आजोबा, सांभाळायचं, सगळं शिकवायचं, पण आपलं म्हणायचं नाही, नंतर देऊन टाकायचं. अण्णा म्हणाले, म्हणजे तुझ्या आईच्या ब्लाऊजांसारखं. आणि का कोण जाणे त्यांच्या ह्या एका वाक्यावर घरात एकदम हो झालं.

ऑगस्टात आला. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं, फर्स्ट एसीच्या कूपेत, एक मुलगा त्याला घेऊन आला. कुत्र्यासाठी फर्स्ट एसी, आम्ही स्वतः आयुष्यात कधी बसलो नाही त्यात! कागदावर नाव होतं बुलेट, पण तो दारातून आत आला आणि जो उभा राहिला तो उभाच. बसेना. आम्हाला वाटलं घाबरलाय, मग त्या मुलानं सांगितलं की ह्यांच्या मांड्यांचे स्नायू असे असतात की ढुंगणावर बसणं ह्यांना अवघडच जातं, एक तर उभे नाहीतर आडवे. तासभर तो हॉलच्या मधोमध उभा, चार लांब काड्यांवर एक मोठी छाती ठेवल्यासारखा, बरगड्या मोजून घ्या, पाठीवर जुने वण, आणि चेहरा असा की लग्नघरी चुकून दुसऱ्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. शेवटी अण्णा म्हणाले, "बसा की भिया." तेच नाव पडलं. इंदुरात जो तो भिया, म्हणजे भैया, दुसरं पडणार तरी काय.

त्याला घर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं हे कळायला आम्हाला आठवडा गेला. म्हणजे मारकुटा नव्हता, भुंकायचा नाही, पण काच माहीत नाही, सरळ सरकत्या दारावर नाक आपटायचं. कपाटाच्या आरशात दुसरा कुत्रा उभा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकायचे. ह्या जातीचे शर्यतीचे कुत्रे जगात कुठलेही घ्या, लहानपणापासून पिंजऱ्यात नाहीतर आवारात वाढतात, दोन-चार वर्षं पळतात, मग वेग कमी झाला की नाहीतर पाय मोडला की बाद. आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचं. म्हणजे खरं आयुष्य पुढेच पडलेलं असतं, आणि त्यात काय करायचं ते कोणी शिकवलेलं नसतं.

आता मशीनचं सांगते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कामाला बसले, नवरात्राच्या ऑर्डरी सुरू झालेल्या, मोटरचं बटण दाबलं आणि भिया झोपेतून ताडकन उठला. कान ताठ, अंगभर थरथर, डोळे मशीनच्या चाकावर, आणि घशातून बारीक कूं कूं. मला वाटलं भ्याला. बंद केली. तो हळूहळू शांत. परत चालू केली तर परत तेच, पण ह्या वेळी माझ्या लक्षात आलं की हा मागे जात नाहीये, पुढे झुकतोय. मागचे पाय दुमडलेले. भीती नव्हतीच ती. मोटर फिरली की काहीतरी पळत जाणार आणि आपण त्याच्या मागे सुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. तिकडे गावाकडे मोटरवर दोरी गुंडाळत जातात आणि दोरीच्या टोकाला खोटा ससा बांधलेला असतो असं त्या मुलानं सांगितलं होतं, ते तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं होतं.

सईनं रात्री मोबाईलवर सगळं शोधून काढलं. म्हणे हा मशीनचा ससा ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाचा उद्योग, 1919 साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला त्यानं गोल ट्रॅक काढला, खरा ससा न सोडता विजेवर पळणारा खोटा. 1926 मध्ये ते मँचेस्टरला पोचलं, बेल व्ह्यूला, आणि मग इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया सगळीकडे. आपल्याकडे तसले रीतसर ट्रॅक नाहीत. तिकडे आता बंद पडत चाललेत, फ्लोरिडात 2018 मध्ये लोकांनी मत देऊन बंद करायला लावले, मकावचा ट्रॅकही त्याच वर्षी बंद झाला आणि पाचशेच्या वर कुत्रे मागे राहिले, त्यांना देशोदेशी घरं शोधावी लागली. न्यूझीलंडच्या सरकारनं 2024 च्या डिसेंबरात बंदीची घोषणा केली. अण्णा हे सगळं ऐकत होते. अण्णा कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा जेमतेम पन्नाशीचे. त्यांनी विचारलं, त्या पाचशेंची यादी बंद व्हायच्या आधी लागली होती की नंतर? सई म्हणाली आजोबा कुत्र्यांची कसली यादी. ते म्हणाले, "आमची नंतर लागली होती."

सईनं दुसरी एक गोष्ट वाचून दाखवली, की आयर्लंडच्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत आतल्या बाजूला गोंदलेली अक्षरं असतात, त्यावरून आई-बाप, शर्यती, सगळं निघतं. आम्ही टॉर्च लावून भियाचे कान बघितले, गुलाबी, पातळ, मधून उजेड आरपार जाईल असे, काही नाही. अण्णा म्हणाले माझा बिल्ला नंबर मला अजून पाठ आहे. आणि म्हणून दाखवला. कोणी विचारला नव्हता.

तर मशीन. मी मोटरचा पट्टा काढून ठेवला आणि पायानं चालवायला लागले. माझी मशीन जुनी, पायडल आहे अजून. दीड महिना पायडल मारलं, गुडघ्यांनी शिव्या घातल्या, चार ऑर्डरी उशिरा गेल्या आणि एक बाई कायमची तुटली. मग रोज थोडी थोडी मोटर, दोन सेकंद आणि एक उकडलेल्या अंड्याचा तुकडा, चार सेकंद आणि तुकडा. (अंडी गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. सासूबाईंच्या फोटोची दिशा बदललेली नाही, पण गॅलरी तिथून दिसत नाही एवढं बघितलंय.) दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की मी मोटर चालू केली की हा उठून यायचा आणि माझ्या स्टुलाला टेकून उभा राहायचा. टेकून म्हणजे अक्षरशः सगळं वजन टाकून, तीस किलो. ग्रेहाउंड असे टेकतात, मिठीबिठी नाही, शेपटी हलवणंही बेताचंच, फक्त येऊन भिंतीसारखं तुम्हाला वापरायचं. फार खूश झाला की दात कडकड वाजवायचा, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हिव भरलं.

जिना मात्र आम्ही नाही, अण्णांनी शिकवला. म्हणजे शिकवला असं तरी कसं म्हणू, ते स्वतः चढत होते. अण्णांचे गुडघे गेलेले, त्यांची पद्धत अशी की उजवा पाय वर, मग डावा आणून त्याच्या शेजारी ठेवायचा, कठडा धरून थांबायचं, "हं" म्हणायचं, पुढची पायरी. सतरा पायऱ्या, सतरा वेळा हं. आम्ही भियाला उचलून बघितलं, खाऊ ठेवून बघितलं, पुढून ओढलं, मागून ढकललं, तो जिन्याच्या तळाशी पुतळा व्हायचा. एकदा दुपारी अण्णा जेवून वर निघाले आणि मी स्वयंपाकघरातून बघतेय तर हा त्यांच्या मागे. अण्णांनी उजवा पाय ठेवला, ह्यानं पुढचा उजवा ठेवला. अण्णांनी डावा आणला, ह्यानं आणला. अण्णा थांबले, हा थांबला. "हं." मागचे पाय अजून खालीच, अंग असं ताणलेलं की लांबून लांब. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या झाल्या, मग त्याला उतरता येईना, मग अण्णाही वर जाईनात, दोघं तिसऱ्या पायरीवर अर्धा तास उभे, शेवटी ह्यांना दुकानातून बोलवावं लागलं. पंधरा दिवसांत पूर्ण जिना झाला. पण एक मात्र, ग्रेहाउंडनं दोन उड्यांत चढावा असा तो जिना भिया शेवटपर्यंत एकेक पायरी थांबत थांबतच चढायचा. त्याला जिना म्हणजे असाच असतो असं वाटत असणार.

गणपतीत त्यानं नैवेद्याचे एकवीसपैकी अकरा मोदक खाल्ले. ह्या कुत्र्यांची मान टेबलाच्या वर पोचते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हे म्हणाले बाप्पानंच खाल्ले समजा, आणि ह्याच माणसानं आधी नाही म्हटलं होतं हे लक्षात घ्या. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, निघतात, गिरण्या बंद पडून जमाना झाला तरी झाक्या निघतात, रात्रभर गाव रस्त्यावर. अण्णा एके काळी झाकीच्या कामात असायचे, रात्र रात्र तिकडेच, अजूनही दर वर्षी खुर्ची टाकून बघायला जातात. त्या वर्षी पहिल्यांदा गेले नाहीत, ढोलांच्या आवाजानं भिया थरथरेल म्हणून घरी बसले. मी म्हटलं मी थांबते की, तर म्हणाले राहू दे गं, दर वर्षी तेच.

झोपेचं एक जपावं लागतं. हे कुत्रे उघड्या डोळ्यांनी झोपतात, जागा आहे असं वाटतं आणि तुम्ही लाडानं हात लावता, तर दचकून एकदम दात. सईच्या मनगटाला एकदा लागले, रक्त नाही आलं पण ती खूप रडली, दुखलं म्हणून नाही, भियानं असं केलं म्हणून. ज्यांना जन्मात कोणी झोपेत हात लावलेला नाही त्यांचं असं होतं. मग नियम केला, आधी नाव, मग हात. आणि अंगावर चरबी नाही, कोपरं नुसती हाडं, फरशीवर घट्टे पडतात, म्हणून मी जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवली, चार थरांची. त्यावर तो चारी पाय वर करून, मान वाकडी, जीभ बाजूनं बाहेर, असा पडायचा की येणारा माणूस दारातच विचारायचा, जिवंत आहे ना?

आणि सगळे विचारायचे, पळतो का? दूधवाला, इस्त्रीवाला, समोरची पोरं, भिया को दौड़ाओ ना आंटी. आमच्या ह्यांचे लातूरचे मावसभाऊ आले, ते म्हणाले हा तर आपला कारवानी, म्हणजे त्यांच्याकडचा शिकारी कुत्रा. मी म्हटलं नाही हो भाऊजी, चुलतभाऊ लागेल फार तर, तर त्यांचंही तेच, पळवून दाखवा की. फिरायला नेताना मी त्याला मुसकं बांधायचे, बैलाला मळणीत बांधतात तसलंच पण जाळीचं, कारण रस्त्यावर खार किंवा मांजर दिसलं की त्याचा सशाचाच हिशोब सुरू व्हायचा. तर लोक दूर पळायचे, चावरा आहे म्हणून. तेच लोक परत पळवून दाखवा म्हणायचे. साधा पट्टा ह्यांना चालत नाही, मान आणि डोकं सारखंच रुंद, मागे सरकला की पट्टा हातात आणि कुत्रा गायब. ओढला की थोडा आवळतो पण गळा दाबत नाही असा दोन कड्यांचा पट्टा लागतो, मार्टिंगेल म्हणतात, ऑनलाईन बघितला तर किंमत बघूनच बंद केलं. नवारीची पट्टी आणली, दोन कड्या, आणि एका दुपारी शिवून टाकला, आतून मऊ पॉपलीन. आजवर केलेल्या माझ्या कामांत ते एक काम मला स्वतःला फार आवडलेलं आहे.

नोव्हेंबरात रक्त तपासलं, एका दवाखान्यात. रिपोर्ट बघून म्हणाले रक्त घट्ट झालंय, पाणी कमी पडलंय, आणि प्लेटलेट कमी आहेत म्हणजे गोचीडताप. सलाईन, गोळ्या. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 58, प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. गोळ्यांनी त्याचं खाणं सुटलं, चार दिवस अण्णांनीही एक वेळ जेवण टाकलं. मग कोणीतरी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या एका वयस्क डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, कुत्र्याकडे बघितलं, आणि हसले. म्हणाले अहो ह्या जातीचं रक्तच असं, तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, पळताना प्राणवायू लागतो ना, आणि प्लेटलेट कमी, थायरॉईडचा आकडाही कमीच येतो, हे सगळं ह्याला नॉर्मल. वहीत लिहून ठेवा म्हणाले, आणि भूल द्यायची वेळ आली तर आधीच सांगा ग्रेहाउंड आहे म्हणून, जुन्या पद्धतीचं थायोपेंटोन दिलं तर ह्यांना उठायला फार वेळ लागतो. मी मापाच्या वहीतच लिहिलं, 28-30-20 च्या खाली. पीसीव्ही 58. एका पानावर.

झबलं डिसेंबरात शिवलं. इंदूरची थंडी काही फार नाही, पण ह्याच्या अंगावर केस म्हणजे मखमलीचा एक हात फिरवलेला, पहाटे कुडकुडायचा. बाहेरून जुनी शाल, आतून फ्लॅनेल, पोटाखालून पट्टा. छाती 30 आणि कंबर 20, एवढा फरक म्हणजे टक्स घेऊन घेऊन हात दुखले. घातल्यावर तो दहा मिनिटं हलला नाही, नवी वहिनी शालू नेसून उभी राहते तसा. मग दात वाजले.

आणि हो, पळाला. एकदाच. जानेवारीत, ओळखीच्या शाळेचं मैदान, चारी बाजूंनी भिंत, सकाळी सहाला, फाटक लावून घेतलं. मी पट्टा सोडला. तो उभा. मला वाटलं विसरला. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण बघितलं असं म्हणावं तर तो जिथे दिसत होता तिथे नव्हताच. ह्यांच्या एका ढांगेत चारी पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना, ताशी पासष्ट-सत्तरचा वेग, हे सगळं सईनं वाचून दाखवलेलं होतं. पण आवाजाचं कोणी लिहिलेलं नव्हतं. माझ्याजवळून गेला तेव्हा कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज आला, वाऱ्याचा की मातीचा कोण जाणे. अडीच फेऱ्या. अर्धा मिनिट असेल नसेल. मग थांबला, माझ्याकडे आला, आडवा झाला. मांडीवर लांब चीर. भिंतीलगत कुठे तार होती बहुतेक, ह्यांची कातडी मलमलीसारखी, लागलं की टरकतेच, आणि त्याला पळताना कळलंही नाही. डॉक्टरांनी भूल देऊन नऊ टाके घातले. मी शेजारी उभी राहून बघत होते, वाईट सवय, टाका बघितला की अंतर मोजते. अंतर सारखं होतं.

त्यानंतर कोणी म्हटलं पळवून दाखवा तर मी सांगायचे, झोपतो फार छान, ते बघायचं असेल तर या.

मे महिन्यात अण्णांच्या खोलीत वाळ्याचा कूलर, कूलरसमोर ओली गोधडी, गोधडीवर भिया आणि खाटेवर अण्णा, बाराला दार लावायचे ते पाचला उघडायचे. आणि जूनमध्ये पुण्याचं घर मिळालं. नवरा-बायको, दोघं घरून काम करणारे, मांजर नाही, कोथरूडला सातवा मजला. चांगली माणसं, तीनदा व्हिडिओ कॉल केला, सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, आधी नाव मग हात, मिक्सर चालतो, मशीन चालते, फटाके नाही. ते गाडी घेऊन न्यायला आले. झबलं, दोन गोधड्या, पट्टा, आणि वहीतल्या पानाची झेरॉक्स दिली. अण्णांनी विचारलं, सातव्या मजल्याला पायऱ्या किती? तो मुलगा म्हणाला आजोबा लिफ्ट आहे ना, जिन्याची गरजच नाही. अण्णा काही बोलले नाहीत. गाडी गेल्यावर म्हणाले, "मग आपण कशाला शिकवला?" मी म्हटलं अण्णा, लाईट जातात की. "पुण्यात?" म्हणाले, आणि वर निघाले.

आठवड्यानं व्हिडिओ आला. लिफ्टचं दार उघडतं, भियानं उजवा पाय आत ठेवला, मग डावा आणून त्याच्या शेजारी ठेवला, आणि थांबला, मागचे पाय अजून बाहेरच. ती मुलगी हसत म्हणतेय चल ना, चल ना राजा, दार बंद होतंय, आणि हा थांबलेला. सईनं फोन अण्णांसमोर धरला होता. अण्णा चष्मा वर करून बघत होते.

"हं," अण्णा म्हणाले.

व्हिडिओत त्यानं मागचे पाय उचलले ते अर्थात त्या मुलीनं ओढलं म्हणून, पण सईनं तो तेवढा भाग अण्णांना चार वेळा दाखवला आणि चारही वेळा ते म्हणाले.